एक काळी गोटी

आमच्या ओहायोतल्या लॉजमध्ये, म्हणजे गुप्त बंधुसंघाच्या शाखेत, नवा 'बंधू' घ्यायचा, तर मतपेटीत सगळ्या गोट्या पांढऱ्याच पडाव्या लागतात. आमचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ऑर्व्हिलच्या नावावर यंदाही एक काळी निघाली. मग त्यालाच स्वयंपाकघरातून बोलावून वर्षभराच्या सेवेचे सन्मानचिन्ह दिले गेले.

"तू आम्हांला भावासारखाच," प्रमुख म्हणाले.

"सारखाच ना?" हात पुसत ऑर्व्हिल हसला.

टाळ्या कडाडल्या, काळी गोटी टाकणारा हातही त्यांत होता.

प्रमुखांनी हातोडा आपटला. "आता गुप्त विधी. बाहेरच्यांनी बाहेर थांबावं."

ऑर्व्हिल एकटाच निघाला. "लवकर आटपा. मासे गार होतील."

जेवताना मात्र प्रत्येक जण ताट पुढे करून त्याला म्हणत होता, "भावा, अजून एक तुकडा वाढ."