गुरुजींना फोन

टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत फोनवर मदत घ्यायला दीपमालानं सासऱ्यांचंच नाव दिलं होतं. नाथाजी गुरुजींनी आष्ट्याच्या शाळेत उभा जन्म शिकवण्यात घालवलेला. फोन येणार म्हणून ते सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसले असणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून मुद्दाम सोपा प्रश्न बघून तिनं फोन लावला. महाराष्ट्रात जिल्हे किती?

“पस्तीस!” गुरुजी खणखणीत आवाजात म्हणाले, आणि वेळ संपून फोन कट झाला.

गुरुजी निवृत्त झाल्यावर पालघर वेगळं झालं आणि जिल्हे छत्तीस झाले, हे तिला पाठ होतं. पण सगळ्यांदेखत सासऱ्यांना खोटं कसं पाडायचं? तिनं पस्तीसच सांगितलं. खेळ तिथंच संपला.

प्रवासानं आंबून ती घरी आली, तर गुरुजी पेढ्यांचा पुडा घेऊन दारातच उभे. “सोपा आला म्हणून बरं! पुढं कुठं अडलीस?”

“पुढच्याच प्रश्नाला, अण्णा.”

“असू दे. रविवारी दाखवणार न्हवं? आख्ख्या गल्लीला बोलावलंय बघायला.”

पाणीसुद्धा न पिता ती परसात गेली आणि तिनं केबलवाल्याला फोन लावला. रविवारी तासभर गल्लीची केबल बंद ठेवा म्हणून गयावया केली. त्यानं कारण विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं.



“पन वैनी, पस्तीसच हायत की. आमाला गुरुजींनीच शिकिवलंय.”