तुला पटलं

उन्हाने डोकं चढलं म्हणून लतिका गाडीच्या मागच्या सीटवर तोंडावर गोधडी ओढून पडली होती. नवऱ्याला कॅलिफोर्नियात नोकरी लागली तशी आपली लॅबमधली नोकरी सोडून तिने पेनसिल्व्हेनियातलं बिऱ्हाड ट्रेलरमध्ये भरलं होतं. नेवाडाच्या वाळवंटातल्या एका पंपावर पेट्रोल भरून नवरा तिथल्या दुकानात बर्फ आणायला गेला, तेवढ्यात तिने बाथरूम गाठलं. परत येऊन बघते, तर गाडी नाही. दीड तास ती उन्हात उभी होती. मग गाडी परतली. "मला वाटलं, तू गोधडीखाली पडून ऐकतेयस," तो म्हणाला. "मागून कॅसेट दे म्हटलं, तेव्हा कळलं." "काय बोलत होतात?" "तेच, तिथे गेल्यावर तू नोकरी शोधू नकोस. काही बोलली नाहीस, म्हटलं पटलं तुला." लतिकाने मागचं दार उघडलं. गोधडी अजून फुगलेली होती, आत कुणी असल्यासारखी. ती म्हणाली, "हिला पटलं असेल."