चपलेतलं चुंबक

"अगं, कशी धरतेस! काच आहे ती, भुईमुगाची शेंग न्हाई," गिरिधर सर कडाडले.

यशश्रीनं दचकून हात मागं घेतला. सरांनी काचेचा तो बारका स्विच उचलला, दिव्यासमोर धरून पाहिला आणि परत तिच्याच हातात दिला. स्वतः करून द्यायचं नाही, हा त्यांचा जुना हट्ट. बोटं भाजली तर भाजू देत, पण पोरांनी हातानं करायचं. जुन्या जालन्यात पंखे, मोटारी दुरुस्त करणारे किती तरी जण याच हट्टातून तयार झाले होते.

"नाव काय म्हणालीस?"

"यशश्री."

"आणि बाकीची पोरं? अजून पत्ता न्हाई त्यांचा."

"येतील, सर."

"येतील म्हणे! बरं, तू काय बनवून राह्यलीस?"

"बेल." यशश्री तारा सोलू लागली. "आमचे आबा कुणाला न सांगता बाहेर पडतात आन् घर विसरतात. म्हणून मी दारातल्या पायपुसण्याखाली बटण बसवलं होतं. पण दूधवाला आला तरी बेल वाजायची. आई वैतागली, तिनं बेलच बंद केली. मंग आबा निघून गेले. बदनापूरच्या स्टेशनावर सापडले, चपला वाटेत हरवून अनवाणी."

"अरेरे."

"आता चुंबक आबांच्या चपलेत बसवायचं आन् हा स्विच पायपुसण्याखाली. चुंबक जवळ आलं की हा जुळतो. फक्त त्यांच्याच पायाला वाजेल."

"कुणाचं डोकं हे?"

"एका सरांचं."

"गडी हुशार दिसतो," सर म्हणाले.

"हे न्हाई जमलं तर आई म्हणते, दाराला कुलूप."

सरांचा चेहरा पडला. "कुलूप? जित्या माणसाला? बिलकुल न्हाई! चल, सोल्डरिंगची गन तापव."

मग ते तिच्या खांद्याशी उभेच राहिले. पहिला टाका कच्चा निघाला. त्यांनी तो काढायला लावला. दुसरा बराबर बसला. टाचेत खाच करून चुंबक चिकटवलं, तेव्हा सरांनी चपलेत अंगठा फिरवून पाहिला. टोचली तर म्हातारा माणूस घालणार नाही, म्हणाले.

यशश्रीनं स्विच पायपुसण्याखाली सरकवला आणि चप्पल वर टेकवली. बेल खणखणीत वाजली. सर पोरासारखे हसले. यशश्रीची आई शरयू चहाचा कप घेऊन दारात येऊन थांबली होती. तिनं पदर डोळ्यांना लावला.

"रडता काय, बाई? पोरीनं जमवलंय. आता कुलूप नको."

"नको, सर," शरयू म्हणाली.

सर गंभीर झाले. "यशश्री, एक ऐक. आबांना फसवून चप्पल घालायला द्यायची न्हाई. समोर बसून खरं सांगायचं."

"त्यांना लई वाईट वाटेल, सर."

"वाटू दे. पण त्यांच्या पायात काय आहे, हे त्यांना ठाऊक पाहिजे. विसरले तर परत सांग."

यशश्रीनं आईकडे पाहिलं. शरयूनं होकारार्थी मान हलवली.

यशश्री खाली बसली. तिनं चप्पल सरांच्या पायांपुढं ठेवली.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही वाट चुकता."