आत वळलेले बूट

बायको गेल्यापासून मास्तर कुठे बाहेर पडत नव्हते, म्हणून दोघा मित्रांनी त्यांना जवळजवळ ओढूनच प्रवासाला काढलं होतं. वाटेत अंधारून आलं, तेव्हा तिघांनी डोंगरावरच्या बौद्ध विहारात मुक्काम केला.

सकाळी निघताना मास्तर दारातच थबकले. मित्रांचे बूट रात्री काढले तसेच अस्ताव्यस्त पडले होते. मास्तरांचे मात्र नीट जोडून ठेवलेले, नाड्या आत खोचलेल्या, टोकं घराकडे असावीत तशी आतल्या बाजूला.

ही बायकोची सवय. "आज नका ना जाऊ" असं ती तोंडाने कधी म्हणाली नाही, बूट तेवढे आत वळवून ठेवायची. ती गेली त्या दिवशीही ठेवले होते. मास्तरांनी ते घाईघाईत फिरवले आणि शाळा गाठली.

"भंते, माझे बूट तुम्ही लावलेत का?"

अंगण झाडणारे म्हातारे भंते थांबले. "पाहुण्यांच्या बुटांना इथे कोणी हात लावत नाही."

मास्तरांनी बूट बाहेरच्या दिशेला फिरवले आणि बॅग उचलायला वळले. परत पाहिलं, तर टोकं आत.

मित्र एव्हाना गाडीत जाऊन बसले होते. "मास्तर, बुटांची पूजा आटपली असेल तर या आता," एकाने हाक मारली. हॉर्न वाजला.

"जायला हवं गं," मास्तर पुटपुटले आणि त्यांनी पुन्हा बुटाला हात घातला.

बूट जागचा हलला नाही. समोर कोणीच नव्हतं, तरी समोरून कोणीतरी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, आणि ते हात थरथरत होते.