पोथीची भरपाई

"आकडा सांगा, शास्त्रीबोवा! जर्मनीकडून भरपाई रुपयांतच मिळते," कलेक्टर कचेरीतला कारकून कावून म्हणाला.

धुंडिराजशास्त्र्यांचा संयम सुटत चालला. गुरूंच्या भाष्याची एकमेव पोथी त्यांनी आपल्या जर्मन शिष्याला नेऊ दिली होती. महायुद्धात पोथी जळाली, शिष्याची दृष्टी गेली. "अहो, गुरूंच्या विद्येचं मोल कुठल्या तोंडानं सांगू? मला आता अर्धंही आठवत नाही; पण त्याला सगळं भाष्य मुखोद्गत आहे. त्यालाच इकडे आणा. तो म्हणेल, मी लिहून घेईन."

"शत्रूच्या माणसाला हिंदुस्थानात बंदी आहे."

"म्हणजे शत्रूचा पैसा चालतो, त्याच्या तोंडची विद्या तेवढी विटाळते?"

"नियम मी केले नाहीत, बोवा. आकडा सांगता, की प्रकरण निकालात काढू?"

शास्त्रीबोवा उठले. समुद्र ओलांडून विलायतेला गेलेल्या सख्ख्या भाच्याला त्यांनी प्रायश्चित्त घ्यायला लावले होते, आणि तरीही वर्षभर त्याच्या पंक्तीला ते बसले नव्हते. दाराशी ते थबकले.

"काढा निकालात," ते त्रासून म्हणाले, "आणि जर्मनीला जाणाऱ्या बोटीचं तिकीट कुठं मिळतं, तेवढं सांगा."