मांडीतला छर्रा

गंगाखेडच्या माजी सैनिक मेळाव्यात येडबाचं नाव पुकारलं, तसा तो टेबलामागच्या फौजी साहेबांसमोर जाऊन बसला आणि त्याची बायको सुगंधाबाईबी उठून त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. “फौजेच्या दप्तरात एक पदक नोंदवायचं राहून गेलंय,” एवढंच सांगून म्हातारा तिला राणीसावरगावहून घेऊन आला होता.

“नेमकं काय घडलं होतं?” साहेबांनी विचारलं.

“वरच्या चौकीला दारूगोळा चालला होता, साहेब. डाव्या मांडीत छर्रा घुसला, पर पाय थांबला न्हाई. रगत गाळीत दारूगोळा वर पोचवला, तवा कुठं चौकी वाचली.”

सुगंधाबाईनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. लग्न झाल्यापासून त्या मांडीला तेल चोळणारी ती. छर्रा तर सोडाच, तिथं काट्याचा ओरखडासुद्धा नव्हता. खोटा दावा केला तर गुन्हा दाखल होतो, असं आत्ताच कुणीतरी माईकवरून बजावलं होतं. तिनं मागून त्याचा सदरा ओढला.

“अवो, उठा. घरी चला.”

येडबा जागचा हलला नाही.

“फौजेतला नंबर सांगा,” साहेब म्हणाले.

त्यानं एका दमात नंबर सांगितला. साहेबांनी तो समोरच्या कागदाशी ताडून पाहिला आणि त्यांचा आवाज चढला.

“हा तुमचा नंबर नाही!”

सुगंधाबाईनं डोळे गच्च मिटून घेतले.



“माझा कसा आसंल, साहेब? माझ्या खेचराचा हाय. खुरावर डागलेला.”