कोणाच्या इच्छेने

“बाई, तुमची युद्धाला हरकत आहे?” सचिवांनी दारातूनच विचारलं.

“युद्धाला नाही, साहेब. कागदाला आहे,” शाखा अधिकारी बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल सचिवांकडे वळवली.

कार्यालयात बाईंना सगळे हरकतबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. राजपत्रात छापायला जाणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा. एका वर्षी सरकारी सुट्ट्यांची यादी त्यांनी तीनदा परत पाठवली होती, आणि अख्ख्या देशाला त्या वर्षीच्या सुट्ट्या फेब्रुवारीत कळल्या होत्या.

आज टेबलावर युद्धाची घोषणा होती. नदीतल्या एका बेटावर शेजारी देशाने झेंडा रोवला होता, आणि तेव्हापासून राजधानीत जो तो बाह्या सरसावून बोलत होता. युद्धाबाबत राज्यघटनेत कामाची वाटणी स्वच्छ होती. मागणी मंत्रिमंडळाने करायची, मंजुरी सभागृहाने द्यायची, सही राष्ट्राध्यक्षांनी करायची. एकट्याने डोक्यात राख घालून घेतली म्हणून देश लढाईला जाऊ नये, एवढाच हेतू. तिन्ही कागद आले होते. सह्या, शिक्के, तारखा, सगळं जिथल्या तिथे होतं. घोषणा राजपत्रात छापून आली की युद्ध सुरू.

“वाचा,” बाई म्हणाल्या.

सचिवांनी वाचलं. मंत्रिमंडळाने लिहिलं होतं, ‘सभागृहाच्या इच्छेचा आदर करून ही मागणी करत आहोत.’ सभागृहाने लिहिलं होतं, ‘राष्ट्राध्यक्षांच्या इच्छेला मान देऊन ही मंजुरी.’ आणि राष्ट्राध्यक्षांनी सहीच्या वर लिहिलं होतं, ‘मंत्रिमंडळाच्या इच्छेनुसार.’ सचिवांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. भाषणांत युद्ध तिघांनाही हवं होतं. कागदावर मात्र ते दुसऱ्याला हवं होतं.

“नमुन्यात रकाना आहे, साहेब. ‘कोणाच्या इच्छेने’. तिथे मी काय लिहू?”

सचिव खुर्चीत टेकले. त्यांचा आवाज खाली आला. “तुमचा मुलगा सैन्यात आहे ना?”

“हो. नदीकाठी जी पहिली तुकडी आहे, तिच्यातच आहे तो.”

“मग लोक काय म्हणतील?”

“म्हणायला लागलेत केव्हाच.”

लोकांचं फारसं चुकतही नव्हतं. बाईंनी सकाळपासून डब्याचं झाकणही उघडलं नव्हतं. हरकत खरी होती. ती सापडली तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं, हेही खरंच होतं.

आता नियम असा होता की, मूळ कागद एकदा शाखेत दाखल झाला की दुरुस्तीसाठी बाहेर जायचा नाही. चूक करणाऱ्याने शाखेत यायचं, अधिकाऱ्यासमोर खाडाखोड करायची आणि बाजूला सही करायची. आजवर हा नियम फक्त कारकुनांना लागू पडला होता. त्या दुपारी चार वाजता राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि सभापती तिघेही धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आले, कारण लिफ्ट बंद होती. खोलीत पाहुण्यांसाठी खुर्च्या दोनच होत्या. तिघांनीही एकमेकांना “बसा, बसा” केलं आणि तिघेही उभेच राहिले.

बाईंनी फाइल उघडली, तिच्यावर पेन ठेवलं. “कोणीही एकाने ‘माझ्या इच्छेने’ एवढं लिहून सही करावी. बाकी सगळं बरोबर आहे.”

पंतप्रधान म्हणाले, सेनादलांचे प्रमुख राष्ट्राध्यक्ष, तेव्हा पहिला मान त्यांचा. राष्ट्राध्यक्ष म्हणाले, आपण नावापुरते प्रमुख, खरी सत्ता जनतेच्या सभागृहाची. सभापती म्हणाले, आपण तर सभागृहात मतसुद्धा देत नाही, फक्त लोकांना गप्प बसवतो. पेन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत राहिलं. टोपण कोणीही काढलं नाही. काल मैदानं दणाणून सोडणारी ही माणसं आता कागद सोडून खोलीतलं सगळं न्याहाळत होती. पंतप्रधानांनी तर भिंतीवरचं कॅलेंडर कुठे मिळतं, तेही विचारून घेतलं.

बराच वेळ गेला. मग राष्ट्राध्यक्षांना आठवलं की, शेजारच्या राष्ट्राध्यक्षांशी आपण अजून फोनवरसुद्धा बोललेलो नाही. आधी बोलून बघायला हवं, असं सभापतींना एकदम पटलं. पंतप्रधान तोवर जिन्यापर्यंत पोहोचले होते.

साडेपाचला बातमी आली. बेटाबद्दल दोन्ही देश बोलणी करणार होते. झेंडा उतरला होता आणि नदीकाठच्या तुकड्या छावणीत परत निघाल्या होत्या. सचिव एकेक पायरी गाळत जिना चढून आले.

“बाई, मानलं तुम्हाला! खाली सगळे म्हणतायत, लेकासाठी बाईंनी तिघा बड्यांची बोलती बंद केली. पोराला वाचवलंत तुम्ही.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दिवसभर आवरून धरलेलं पाणी आता डोळ्यांतून वाहत होतं. ते त्यांनी पुसलंही नाही.

“मी कुठे वाचवलं, साहेब?” त्या म्हणाल्या. “त्यांच्यातल्या एकाने जरी सही केली असती, तरी मी कागद पाठवला असता. छापखान्याचं मशीन सकाळपासून मीच चालू ठेवायला लावलं होतं.”